आमच्या घरातलं कासव: रोबो झाडूचा साडेसात महिन्यांचा अनुभव

आधी सांगून टाकते. ज्यासाठी हे मशीन घेतलं, त्या कामाला ते उपयोगी पडलं नाही. तरी ते घरात आहे, रोज चालतं, आणि परवाच मी त्याच्यासाठी दोन नवीन फिल्टर मागवलेत. हे असं का, ते सांगायला जरा वेळ लागेल.

आम्ही साताऱ्यात राहतो. रो-हाउस आहे, खाली हॉल, स्वयंपाकघर, सासूबाईंची खोली, वर दोन खोल्या. मी बँकेतून निवृत्त झाले त्याला चार वर्षं झाली. घरात मी, हे आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. मुलगा जर्मनीत श्टुटगार्टला, मुलगी पुण्यात. दिवाळी आणि मे महिना सोडला तर घरात कचरा करायला माणसंच नाहीत. झाडू-फरशीला मावशी येतात, त्या सगळं साडेनऊपर्यंत उरकून जातात. अडचण फक्त दिवाळीत येते. मावशींची पाच दिवस सुट्टी (आणि ती असायलाच हवी, त्यांनाही घर आहे), नेमके तेच पाच दिवस घरात अकरा माणसं. २०२४ला लेक दसऱ्याला आठ दिवस आला होता. दिवाळीला त्याला रजा नव्हती. म्हणाला, मी नसेन, पण तुझं कंबरडं मोडणार नाही अशी सोय करून जातो. १२ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशीच, खोकं आलं. किंमत चोवीस हजारांच्या आसपास. मला ती नंतर कळली, नाहीतर खोकं परत गेलं असतं.

दिसायला म्हणाल तर देवळात नंदीच्या पुढ्यात दगडी कासव असतं ना, तसंच. गोल, चपटं, वर एक छोटं टेंगूळ. त्या टेंगळात लेसर फिरतो आणि भिंती, सोफ्याचे पाय, खुर्च्या मोजत घराचा नकाशा बनवतो. असली मशिनं काही नवीन नाहीत, रुंबा नावाचं अमेरिकन मशीन २००२ सालापासून आहे. पण सुरुवातीची मशिनं आंधळी कोशिंबीर खेळायची, धडकायचं आणि वळायचं. हे मोजून, ओळीने, शेत नांगरल्यासारखं जातं. पहिल्या दिवशी सासूबाई त्याच्याकडे तासभर बघत बसल्या आणि म्हणाल्या, "टीव्हीपेक्षा बरं आहे." नातवंडांनी व्हिडिओ कॉलवर नाव ठेवलं कासवराव. आता आम्हीही कासवच म्हणतो.

कॅमेऱ्याचं मशीन नको, हे मुलीने आधीच बजावलं होतं. कारणही तिने सांगितलं. चाचणीसाठी लोकांच्या घरात दिलेल्या काही रुंबांनी काढलेले फोटो समाजमाध्यमांवर पोचल्याची बातमी २०२२ साली एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने दिली होती. त्यात एका बाईचा संडासातला फोटोही होता. लोकांनी चाचणीला होकार दिला होता म्हणे, पण असल्या गोष्टीला कोण होकार देईल? आमच्या मशीनला कॅमेरा नाही, फक्त लेसर. त्यामुळे समोर काही आडवं आहे की नाही, एवढंच त्याला कळतं. सासूबाई अंघोळ करून तशाच पदर खोचत बाहेर येतात, म्हणून मला हे महत्त्वाचं वाटलं. लेसरचा तोटा असा की जमिनीवर पडलेली वायर, मोजा, रुमाल त्याला दिसत नाही. टेंगूळ वर, वस्तू खाली. त्याबद्दल पुढे.

पहिलं भांडण उंबऱ्याशी झालं. आमच्या हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधे काळ्या कडप्प्याची पट्टी आहे, जेमतेम सेंटिमीटरभर उंच. कासव तिथपर्यंत यायचं, थांबायचं, मागे फिरायचं. लक्ष्मणरेषा आखल्यासारखं. लेकाने डोकं खाजवलं, पुस्तिका वाचली, मग उलगडा झाला. मशीनच्या पोटाखाली जिन्यावरून पडू नये म्हणून सेन्सर असतात. ते खाली किरण सोडतात, किरण परत आला तर जमीन आहे, नाही आला तर खड्डा आहे. काळा गुळगुळीत दगड किरण नीट परत करत नाही. म्हणजे आमचा चाळीस वर्षांचा उंबरा त्याच्या लेखी दरी! उपाय साधा होता, पट्टीवर पांढरी चिकटपट्टी लावली. आता ते जातं. दिसायला वाईट दिसतं, आल्यागेल्याला कारण सांगावं लागतं. कोणी सांगतात की मशीनच्या सेन्सरवरच कागद चिकटवा. ते करू नका. आमच्याकडे वरच्या मजल्यावर जिना उघडा आहे, सेन्सर झाकले तर एक दिवस कासव जिन्याच्या पायथ्याशी उताणं सापडेल. सासूबाईंच्या खोलीचा उंबरा मात्र जुना, लाकडी, चांगला चार सेंटिमीटर. दोनच्या वर ते चढत नाही. त्या खोलीत आम्ही त्याला उचलून नेऊन ठेवतो.

लेक २० तारखेला परत गेला. तिथे पोचल्यावर त्याने ॲपमधून वेळापत्रक लावून दिलं, त्याच्या सकाळचे साडेसहा म्हणजे आपले दहा. मावशी गेल्या की अर्ध्या तासाने कासव डॉकवरून, म्हणजे चार्जिंगच्या जागेवरून, निघणार. आठवडाभर घड्याळ लावावं इतकं ते नेमाने दहाला निघालं. मग फराळ सुरू झाला, तेव्हा मी लेकाला म्हटलं, आता हे बंद ठेव, पाडव्यापासून चालू कर. चकलीच्या भाजणीचं पीठ खाली सांडलेलं असताना, कढई तापलेली असताना पायात काही फिरायला नको. ते शहाणपण बरं झालं.

लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. आमच्याकडे नवी केरसुणी आणून तिला हळद-कुंकू वाहतात, सगळ्यांकडेच वाहतात. सासूबाईंनी केरसुणी पाटाशेजारी ठेवली आणि विचारलं, "ते कुठंय?" मला आधी कळलं नाही. "झाडतं ना ते? मग आणा इकडं." जावई हसले, मी हसले, त्या हसल्या नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं: घरातली घाण जी काढते ती लक्ष्मी, मग ती शिंदोळ्याची असो नाहीतर विजेची. मी कासव उचलून आणलं. एकच विनंती केली, टेंगळावर कुंकू नको, लेसर झाकला जाईल. त्यांनी झाकणाच्या कडेला बोट टेकवलं. तो कुंकवाचा ठिपका अजून आहे, पुसायचा धीर माझा होत नाही. दुरुस्तीला पाठवलं तर तिथले लोक काय म्हणतील कोण जाणे.

त्या संध्याकाळी मुलीने उंबऱ्यापासून देवघरापर्यंत रांगोळीची लक्ष्मीची पावलं काढली. छोटी, सुबक, आत येणारी. दुसऱ्या दिवशी पाडवा. मला आठवण होती की आज दहाला कासव निघणार, म्हणून पावणेदहालाच पावलांच्या दोन्ही बाजूंना पाट आडवे लावले. दहा वाजले. सव्वादहा झाले. ते हललं नाही. म्हटलं लेक विसरला, बरंच झालं. पाट उचलले, कारण ओवाळायला पाट लागणार होते. अकराला आम्ही सगळे स्वयंपाकघरात होतो. हॉलमधून घरघर आली, आणि नात ओरडत आली, "आजी, कासव लक्ष्मी खातंय!"

मी पोचले तेव्हा शेवटची दोन पावलं राहिली होती, देवघराच्या पायाशी. बाकीची सगळी आत गेली होती, आणि मागच्या ओल्या फडक्याने फरशीवर पांढरट पट्टा ओढला होता. मला रडू यायच्या बेतात होतं. सासूबाई मात्र शांत. म्हणाल्या, "लक्ष्मी आली, आता मागचं पुसून घेतलं. म्हणजे परत जायची नाही." या वाक्यावर माझी दिवाळी निभावली.

ही रांगोळी फार महागात पडली. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, अगदी बारीक. ती फिल्टरच्या घड्यांमध्ये जाऊन बसते. संध्याकाळपर्यंत मशीनचा ओढच गेला. आवाज मोठा, उचलत काही नाही. मी फिल्टर काढून कचऱ्याच्या डब्यावर ठोकला, जुन्या दात घासायच्या ब्रशने झाडला, मग धुतला. आणि इथे चूक केली: तो पूर्ण वाळायच्या आत परत बसवला. ओल्या फिल्टरवर धूळ बसली की तिचा चिखल होतो. धुतलेला फिल्टर पूर्ण चोवीस तास सावलीत वाळवायचा, म्हणून दुसरा हाताशी पाहिजे. हे खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलंय. बँकेत आयुष्यभर लोकांना बारीक अक्षरं वाचा म्हणून सांगितलं, स्वतः वाचली नाहीत.

उरलेल्या दिवाळीचं काय सांगू? अंगणात नातवाने किल्ला केला होता. अजिंक्यतारा खिडकीतून दिसतो, पण त्याला राजगड करायचा होता. त्या मातीचे पाय घरभर. कासवाला सुकी धूळ दिली तर ते खूष असतं. ओली माती दिली की चाकांनी तुडवतं, फडक्याने सारवतं आणि मग ॲपमध्ये कळवतं, सफाई पूर्ण. आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या ब्रशमध्ये. विजेच्या माळेची वायर ब्रशमध्ये, माळेसकट. फटाक्यांचे कागद मात्र छान उचलले, हे कबूल करायला हवं. भाऊबीजेच्या रात्री हॉलमध्ये गाद्या घातल्या होत्या. कोणीतरी अंधारात मशीनच्या बटणावर पाय दिला. ते उठलं, सासूबाईंच्या गोधडीवर चढलं, अडकलं आणि इंग्रजीत ओरडायला लागलं, "प्लीज मूव्ह द रोबोट टू अ न्यू लोकेशन." रात्री पावणेदोनला. त्याला मराठी येत नाही, हिंदी येतं, पण हिंदी लावलं तर ते आमच्या गल्लीतल्या निवडणुकीच्या रिक्षासारखं बोलतं. शेवटी आवाजच बंद केला.

म्हणजे हिशेब असा झाला: ज्या पाच दिवसांसाठी चोवीस हजार घातले, त्या पाच दिवसांत त्याने काम केलं दीड दिवस. बाकी झाडू मी आणि मुलीने मारला, तोही पूजेतल्या केरसुणीने. घर भरलेलं असताना याला जमीनच मिळत नाही. चपला, बॅगा, खेळणी, फराळाचे डबे, झोपलेले जावई. आधी सगळं उचलायचं, मग हे झाडणार. उचलणं हेच तर काम होतं! झाडायला काय लागतं, दहा मिनिटं.

एक गोष्ट मात्र त्या पाच दिवसांतली. पाडव्याला संध्याकाळी लेकाचा फोन आला. त्याच्या फोनवर कासवाने काढलेला नकाशा दिसतो. म्हणाला, "आई, देवघराच्या शेजारी नवीन भिंत कसली आलीय? चौकोनी?" मी म्हटलं, फराळाचे डबे रचलेत. "आणि कोपऱ्यात लांबट?" गाद्यांची चवड. "म्हणजे हॉलमध्ये झोपताय सगळे." मग थोडा वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "चकली वरच्या डब्यात आहे का खालच्या?" मी म्हटलं, खालच्या. तो म्हणाला, "म्हणजे संपायला वेळ आहे." पुढचे चार दिवस डबे नकाशात कसे कमी होतात ते तो बघत होता, असं सून नंतर म्हणाली.

दिवाळीनंतर पाहुणे गेले, मावशी परत आल्या. त्यांनी कासवाला खालीवर बघितलं आणि पहिला शेरा मारला, "ताई, ह्याला कोपरं दिसत न्हाईत का?" अगदी बरोबर. गोल वस्तू काटकोनात जाणार कशी? बाजूला एक मिशीसारखा ब्रश फिरतो, तो कोपऱ्यातली धूळ बाहेर ओढायचा प्रयत्न करतो, निम्मी येते. मावशींना वाटलं असणार की आता यांना माझी गरज नाही. मी लगेच सांगून टाकलं, पगार तोच, वेळ तोच. आता त्या कोपरे, जिना आणि खिडक्या करतात, आणि दिवाण व कपाटाखालचं कासवाला सोडतात. तिथे वाकायला लागायचं म्हणून त्यांचीही कंबर धरायची. खरा फायदा कुठे झाला असेल तर तो दिवाणाखाली. पहिल्या आठवड्यात तिथून जे निघालं त्यात यांचा दोन वर्षांपूर्वी हरवलेला जानव्याचा जोड होता.

नोव्हेंबर ते मार्च हे त्याचे सोन्याचे महिने. घरात तीन माणसं, जमीन मोकळी, हवा कोरडी, साताऱ्याचा वारा आणि धूळ. रोज एक फेरी, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. विजेला पाव युनिटही लागत नाही, मी मीटर बघून ठेवलंय. सासूबाईंना धुळीने खोकला यायचा, तो या थंडीत कमी वाटला. मशीनमुळेच असं छातीठोक म्हणणार नाही. दर रविवारी मुख्य ब्रश काढून केस कापते, माझे आणि सासूबाईंचे. त्यासाठी सोबत एक छोटी सुरी येते, पण जुनी शिलाई उसवायची हुक जास्त चांगली.

फडक्याबद्दल फार आशा ठेवू नका. पाव लिटर पाणी घेऊन ओलं फडकं फिरवतं, म्हणजे धूळ बसते इतकंच. चहाचा डाग दोन दिवस तसाच राहतो. टाकीत फक्त साधं पाणी घालायचं. यांनी जानेवारीत एक झाकण फिनेल घातलं, घराला वास यावा म्हणून. पाणी सुटायचंच बंद झालं. कोमट पाणी भरून, हलवून, ओतून, असं चार-पाच वेळा केल्यावर सुटलं. हे अजून म्हणतात की फिनेलमुळे नव्हतं.

आता ते अकरा वाजण्याचं कोडं. पाडव्यापासून कासव अकरालाच निघायचं. आम्ही म्हणायचो, थंडीत उशिरा उठतं. सवय झाली, मी माझी पूजा, दुसरा चहा त्या वेळेत बसवला. ३० मार्चला गुढीपाडवा होता. पूजा मांडली होती, पाटावर पंचांग, भोवती रांगोळी, कडुनिंबाचे तुरे. अकराच्या आत सगळं आटपेल असा हिशेब. आणि दहाच्या ठोक्याला हे निघालं! यांनी पंचांग वाचता वाचता पाय आडवा घातला, म्हणून रांगोळी वाचली. कडुनिंबाचा तुरा गेला. लेकाला फोन केला तर तो आधी गप्प, मग हसतच सुटला. त्याच दिवशी तिकडे घड्याळं एक तास पुढे सरकवली होती. आणि ऑक्टोबरात २७ तारखेला, नेमकं मशीन बंद असताना, मागे घेतली होती. वेळापत्रक त्याच्या घड्याळाला बांधलेलं. म्हणजे आमच्या लक्ष्मीची पावलं युरोपच्या हिवाळी वेळेने खाल्ली. मी सासूबाईंना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "घड्याळ सरकवलं म्हणून सूर्य सरकतो का?" त्यानंतर वेळ भारताची लावून घेतली. तुमचं खातं परदेशातल्या मुलाच्या फोनवर असेल तर हे पहिल्या दिवशी तपासा. आणि एक: घरातल्या फोनवरही ॲप घ्या. वायफाय २.४ गिगाहर्ट्झचं लागतं, राउटर ५ वर असेल तर मशीन सापडतच नाही. लाईट गेली, राउटर बंद पडला, तरी मशीनवरचं बटण दाबलं की ते निघतं. सासूबाई काठीच्या टोकाने दाबतात.

मे महिन्यात नातवंडं पुन्हा आली. मला दिवाळीचीच धास्ती होती. पण मुलं ती मुलंच, त्यांनी ॲप माझ्या फोनवर उघडलं आणि दोन दिवसांत माझ्यापेक्षा पुढे गेली. नकाशावर बोटाने चौकोन काढला की तिथे मशीन जात नाही. नातवाने कॅरमभोवती एक काढला, पत्त्यांच्या बंगल्याभोवती एक. खोल्यांना नावं दिली, स्वयंपाकघर झालं 'आजीचा बालेकिल्ला'. मी त्यांना एकच नियम सांगितला: कासवाने जे गिळलं ते कासवाचं. पहिल्या दिवशी नातीची केसांची तीन रबरं गेली, नातवाच्या विमानाचं चाक गेलं. तिसऱ्या दिवसापासून दहाला पाच कमी असताना दोघं धावत खेळणी उचलायची. मी वर्षानुवर्षं ओरडून जे झालं नाही ते झालं. कॅरमची पावडर मात्र रांगोळीसारखीच वाईट, फिल्टर पुन्हा गच्च.

मग २६ मेच्या सुमारास पाऊसच आला, इतका लवकर. दारात ओले पाय, पायपुसणं ओलं. कासव पायपुसण्यावर चढून थबकतं. सध्या दारापाशी एक चौकोन काढून ठेवलाय.

घ्यावं का? घरात दोन-तीन माणसं, जमीन मोकळी, वाकायचा त्रास असेल तर घ्या. लहान मुलं, सामान, चढउतार जास्त असेल तर त्या पैशात मावशींना दिवाळीचा बोनस वाढवून द्या आणि सुट्टीच्या पाच दिवसांसाठी दुसरी बाई बघा. सेवा केंद्राचं विचाराल तर आमच्या कंपनीचं साताऱ्यात नाही, पुण्याला पाठवावं लागतं. एप्रिलमध्ये बाजूचा ब्रश फिरेना म्हणून पाठवलं तर अठरा दिवस ठेवून घेतलं आणि आतून एक केसाचा गुंता काढून दिला. वॉरंटीत होतं, पण गुंता वॉरंटीत नाही म्हणून पैसे घेतले. कुंकवाबद्दल कोणी काही बोललं नाही, पुसलंही नाही.

गणपतीला लेक येणार म्हणतोय. उंबऱ्यावरची पांढरी पट्टी एका कडेने सुटायला लागली आहे, ती तो यायच्या आत बदलायची आहे.